नवसाच्या बोकडाच्या पाठीवरून

मी एक पारवी बोलतेय. तुम्ही आम्हा सगळ्यांना सरसकट कबूतर म्हणून मोकळे होता, म्हणून आधीच सांगितलं. वाघजाईच्या देवळात, मधल्या तुळईवर माझा मुक्काम असतो. तिथं राहायला येण्याआधी, खालच्या गोठ्यात पडून असताना मी देवीला नवस बोलले होते, "आई, माझा मोडका पंख जुळव. त्या पंखातलं सगळ्यात लांब पीस तुझ्या पायाशी ठेवीन."

पंख जुळला. पुरता नाही, पण खालच्या गोठ्यापासून देवळापर्यंत एका दमात उडण्याइतका. मग मी चोचीनं पीस उपटलं. दुखलं. रक्ताचा थेंबही आला. ते पीस शेंदूर फासलेल्या दगडापुढं, देवीच्या तांदळ्यापुढं टाकलं आणि तुळईवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ज्ञानू गुरवानं ते नारळाच्या शेंड्यांबरोबर झाडून काढलं. काढू दे. नवस देवीशी होता, झाडूशी नव्हता.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की नवस म्हणजे काय ते मला कळतं. तुम्हाला कळत नाही. वरून रोज बघते ना मी तुम्हाला. नारळ फोडता, अर्धी वाटी देवीपुढं आणि अर्धी पिशवीत. एकानं पोराला नोकरी मागितली आणि बदल्यात बायकोचे उपास कबूल केले. एकानं बांधाच्या भांडणाचा निकाल मागितला आणि कोंबडा कबूल केला, तोही मेव्हण्याच्या खुराड्यातला. मागायचं स्वतःसाठी आणि द्यायचं दुसऱ्याचं. वर पुन्हा हात जोडताना डोळे असे मिटायचे, की बघणाऱ्याला वाटावं केवढी ही भक्ती.

माझा जन्म इथला नाही. कापूरहोळला भोरचा फाटा फुटतो तिथल्या एका गॅरेजच्या पत्र्याखाली मी अंड्यातून बाहेर आले. आईनं घरटं म्हणून चार तारा आणि फाटक्या पट्ट्याचा एक तुकडा आडवा टाकला होता. घरटी बांधण्यात आमची जात आळशीच, हे मीही मान्य करते. माझी भावंडं धाब्यामागं पडलेल्या रोट्या खाऊन इतकी सुटली की उडायचं सोडून चालायला लागली. मला ते उष्टं कधी गोड लागलं नाही.

मला मका आवडायचा. एके दिवशी गॅरेजपुढं एक टेम्पो उभा होता, त्यात जनावरांच्या खाद्याची पोती. एका पोत्याच्या कोपऱ्यातून मका सांडत होता. मी आत शिरले. तेवढ्यात ड्रायव्हरनं वर ताडपत्री ओढली आणि दोरी आवळली. माझा पंख त्या दोरीखाली गेला. ड्रायव्हरचं नाव मानसिंग. टेम्पो चालवताना तो मोबाईलवर कुणाशी तरी भांडत होता, पंखाचा आवाज त्याला कुठला ऐकू येणार.

वेल्ह्याच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी त्याची वाडी आहे. दारात त्यानं ताडपत्री सोडली आणि मला पायाला धरून उचललं.

"नूतन, हे बघ पेंडीबरुबर काय आलंय."

नूतन म्हणजे त्याची बायको. तिनं माझ्या पंखाला तेल-हळद लावली, एक पाटी घेतली, तीत चिंध्या घातल्या आणि मला गोठ्यात ठेवलं. हेतू चांगला होता. पण ज्या गोठ्यात बोकड बांधलेला आहे तिथं वेताची पाटी ठेवणारी बाई किती शहाणी, ते तुम्हीच ठरवा. संध्याकाळपर्यंत त्यानं पाटीची एक कड खाल्ली. खाली बोका घिरट्या घालत होता. उंच जागा एकच होती, बोकडाची पाठ. मी फडफडत, घसरत तीवर चढले.

त्याचं नाव चांद्या. सगळा काळा, कपाळावर तेवढा पांढरा ठिपका. वास असा की सांगायची सोय नाही. जुनं कॅलेंडर, प्लास्टिकची पिशवी, मानसिंगच्या बनियनचा हात, सगळं खायचा आणि रवंथ करताना असा चेहरा करायचा, की जणू सगळ्या तालुक्याची काळजी त्यालाच. माझ्याशी त्यानं ओळख केली नाही. मीही केली नाही.

पहिल्याच दिवशी त्यानं बोकडं झाडतात तसं अंग झाडलं आणि मी खाली बोक्यापुढं पडले. चांद्यानं डोकं खाली घालून बोक्याला भिंतीपर्यंत रेटत नेलं. मी पुन्हा वर चढले. त्या दिवसापासून मी पाठीवर असताना त्यानं कधी अंग झाडलं नाही. माश्या बसल्या तरी कान हलवायचा, पण पाठ हलवायचा नाही. गोठ्याचा पत्रा गळून पाणी अंगावर पडलं तरी दगडासारखा उभा. त्या बदल्यात मी त्याला काय दिलं? काहीच नाही. मी काही गोचिडी वेचणारी साळुंकी नव्हे.

वाडीतल्या लोकांना मात्र आमचं भारी कौतुक. येता-जाता मोबाईल काढायचे. "बघा, काय दोस्ती हाय दोघांची." यांच्या घरात सख्खे भाऊ एका ताटाला बसत नाहीत, आणि आमचा फोटो काढून एकमेकांना पाठवणार. मी दर वेळी पाठ फिरवायची.

पंख जुळला, मी देवळाच्या तुळईवर राहायला गेले, तरी सकाळी गोठ्यात उतरायचे. कशासाठी? चांद्याच्या पुढ्यात मका असायचा, म्हणून. आणखी कशासाठी असणार.

त्या गोठ्यातच एक दिवस मला कळलं की चांद्या फुकटचा वाढवलेला नाही. नूतन त्याला उंबराचा पाला घालत होती. तिची सासू, बनाबाई, दारात येऊन उभी राहिली.

"लई लळा लावू नगंस. देवीचा हाय त्यो."

"पाला टाकतेय नुसता, आत्याबाई."

"पाला टाकायला इतका येळ लागतो व्हय?"

नूतननं आणखी एक डहाळी पुढं केली. बनाबाई आत आली आणि तिचा आवाज जरा खाली आला. "भातलावणीला तुला पान लागलं, लांबडं डसलं, टेम्पोत घातली तवा तुझं डोळं पांढरं झालं व्हतं. म्या हितं उंबऱ्यावर बसून आईला सांगितलं, माझी सून दवाखान्यातनं चालत घरी येऊ दे, हा काळा तुझा. तू आलीस चालत. आता चैताच्या जत्रंला त्याला द्यायाचा."

"मला ठाव हाय."

"मग रडती कशाला?"

"चुलीचा धूर हाय."

"चूल तिकडं हाय."

मी पाठीवरून दोघींकडं बघत होते. खरं सांगते, दोघींचीही कीव आली नाही. एकीनं सुनेचा जीव मागितला आणि मोल म्हणून दुसऱ्याची मान लिहून दिली. दुसरी ज्याच्या जिवावर जगली असं म्हणतात, त्याला पाला चारत होती आणि तोंड उघडत नव्हती. आणि ज्याची मान होती तो डोळे अर्धे मिटून पाला चघळत होता.

चैत्रातली जत्रा आली. शिवऱ्याहून बनाबाईचा भाऊ गेनबा आला, सोबत दोन टेम्पो पाहुणे. सगळ्यांनी आधी देवळामागं जाऊन चूल कुठं मांडलीय ते पाहिलं, मग देवीला नमस्कार केला. कांदा परतायला पडला. मसाला वाटून तयार. त्यांची भक्ती पातेल्यात होती, आणि पातेलं मोठं होतं.

चांद्याला अंघोळ घालून, कुंकू लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून देवळापुढं उभा केला. त्यानं माळेतली चार फुलं खाल्ली. मग दावं धरणाऱ्याचा हात अनोळखी आहे हे त्याच्या ध्यानात आलं असावं. तो ओरडायला लागला. त्याचे पाय लटलटत होते. नूतन बायकांच्या मागं, देवळाच्या भिंतीला टेकून उभी होती. पदर तोंडात धरलेला.

इथली रीत अशी, की बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं की देवीनं तो मान्य केला. झाडलं नाही तर देवीला तो नको. तोवर कुणी सुरीला हात लावायचा नाही. हजार खोट्या रीतींत ही एक तुमच्या वाडवडिलांनी बरी घालून ठेवलीय. अर्थात प्रत्येक बोकड अंग झाडतोच. अंगावर पाणी पडलं तर कोण झाडणार नाही?

मी तुळईवरून उडाले आणि चांद्याच्या पाठीवर जाऊन बसले. देवळात धूर फार झाला होता.

त्याचं ओरडणं थांबलं. पायही थांबले.

"हुश्, हुश्," मानसिंगनं हात हलवला. मी दोन पावलं सरकले.

"राहू दे रं, उडंल पाणी पडल्यावं," ज्ञानू गुरव म्हणाला आणि त्यानं तांब्यातलं पाणी ओतलं. ते माझ्यावरही पडलं. पारव्याला अंगावर पाणी किती नकोसं वाटतं, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. मी पंख आवळले आणि नखं रोवली. चांद्या उभा राहिला. पाणी त्याच्या पोटावरून गळत होतं, कातडी आतून शहारत होती, पण अंग त्यानं झाडलं नाही.

"आणिक घाला," गेनबा म्हणाला.

आणखी घातलं. मानसिंगनं टॉवेल फिरवला, माझी दोन पिसं गेली. मी शिंगावर उडी मारली आणि पुन्हा पाठीवर आले. मला वाटलं असतं तर मी उडून जाऊ शकत होते. मी गेले असते तर तो झाडून मोकळा झाला असता. या एवढ्या जमावात ही एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. त्याला ठाऊक नव्हती. त्याला एवढंच माहीत होतं, की पाठीवर मी आहे आणि मला पाडायचं नाही. असला मूर्ख प्राणी मी दुसरा पाहिला नाही.

"कानात सोडा पाणी," कुणीतरी सांगितलं.

चांद्यानं कान फडकावला.

"हलला की," गेनबा म्हणाला.

"कान हलला, पाव्हणं," ज्ञानू गुरव म्हणाला. "कान म्हंजी अंग न्हवं."

"कान काय अंगाच्या भाईर असतो व्हय?"

"तुमास्नी भूक लागलीया. देवीला न्हाई."

मागं कुणीतरी हसलं. पण बनाबाई हसली नाही. तिनं गुरवाच्या हातातून तांब्या घेतला, स्वतः ओतला आणि वाट बघत राहिली. मग ती देवीकडं वळली.

"आई, घेत का न्हाईस? माझं काय चुकलं? तू ह्याला घेतलं न्हाईस तर माझ्या सुनंचं काय?"

तेव्हा मला कळलं, या म्हातारीला मटण नको होतं. तिला भीती होती की देणं फिटलं नाही तर देवी दिलेला जीव परत मागेल. भीती खरी होती. नवस मात्र तिचा चुकलेलाच होता.

ज्ञानू गुरव म्हणाला, "देवी घेत न्हाई तर जबरी करायची न्हाई, बनाबाई. सोडा त्याला तिच्या नावानं."

"आन नवस? त्यो कुणी फेडायाचा?"

"म्या," भिंतीजवळून आवाज आला.

नूतन पुढं आली. पदर तोंडातून काढलेला, पण अजून मुठीत. "जीव माझा वाचला, आत्याबाई. फेडायचं बी म्याच. देवळाम्होरं दगडाची दोणी कोरडी पडलीया, जनावरं चाटून माघारी जात्यात. पाऊस पडस्तवर खालच्या झऱ्याचं पाणी आणून म्या ती भरीन. कळशी माझ्याच डोक्यावं. टेम्पोनं न्हाई, गड्याकडनं न्हाई."

गुरवानं तिच्या हातावर फूल ठेवलं. "बोल देवीम्होरं." ती बोलली.

बनाबाई तिच्याकडं बघत राहिली. "झरा लई खाली हाय."

"ठाव हाय."

"उन्हाचं पाय भाजत्यात तितं."

"भाजू द्यात."

म्हातारीनं रिकामा तांब्या गुरवाच्या हातात परत दिला. मग डोळे पुसले आणि भावाकडं वळली. "दादा, कांदा करपतोय. बटाटं टाक त्यात."

गेनबाचा चेहरा मी तुळईवर परत गेल्यावरही आठवून बघते. बरं वाटतं.

आता वैशाख चाललाय. चांद्या मोकळा फिरतो. देवीचा म्हणून त्याला कुणी हाकलत नाही, त्यामुळं तो आणखी बिघडलाय. देवीपुढचे हार खातो, ट्रेकिंगला आलेल्या पोरांच्या पाठपिशव्यांत तोंड घालतो. वास तसाच. दुपारी दोणीवर पाणी प्यायला येतो, मीही येते, त्याच्या पाठीवरूनच. दगड तापलेले असतात. गाई येतात, वानरं येतात, रात्री काय काय येतं ते सकाळी ओल्या चिखलात दिसतं. तो बोकाही येतो. इतर लोक येतात, दोणीपुढं फोटो काढतात, रिकामी बाटली तिथंच टाकून जातात. त्यांच्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

नूतन रोज चढण चढते. मान आखडते, तळव्याला फोड येतात. देवीनं नवस फेडून घेतलाच, आणि कुणाच्या पाठीवरून फेडून घ्यायचा ते तिला बरोबर कळलं, असं मी समजते. हल्ली बनाबाई निम्म्या वाटेवर, करवंदीच्या जाळीशी स्वतःची भरलेली कळशी घेऊन उभी असते. नूतन म्हणते, "तुमी नगा, आत्याबाई, नवस माझा हाय." म्हातारी म्हणते, "तुझा तुझ्यापाशी. ही माझी दुसरी कळशी हाय." आणि गुडघ्यावर हात ठेवून वर चढते.

माणसांना मी आजवर काही मागितलं नाही, मागण्यासारखी ती वाटलीच नाहीत. आज एक मागते. तुमच्याही घरात कुणी आजारी पडेल, कुणाची वाट बघताना जीव टांगणीला लागेल. तेव्हा देवीला हाक मारा, ती ऐकते. नवसही बोला, या दोघींसारखा मनापासून. फक्त बोलण्याआधी नजर गोठ्याकडं वळवू नका. आपले हात बघा, आपला खांदा चाचपून बघा, आणि तिथं मावेल तेवढंच कबूल करा.