सेक्शनमधले जावईबापू

घराचा सेक्शन म्हणजे सरळ गोष्ट. कलिंगड कापतात तसं घर उभं कापायचं आणि आत काय निघतं ते कागदावर काढायचं. प्लॅन घराकडे वरून बघतो, त्याला माणसाचं फक्त टक्कल दिसतं. डोकं कुठे आपटणार हे सांगायचं काम सेक्शनचं. चौदा वर्षं ड्राफ्ट्समनची नोकरी केल्यावर एवढं मला झोपेतही सांगता येतं. तरी मी माती खाल्ली, आणि तीही सख्ख्या बापाच्या घरात.

आमच्या ऑफिसात प्रत्येक सेक्शनमध्ये एक माणूस उभा करतात, उंचीचा अंदाज यावा म्हणून. साहेबांनी कधीकाळी काढलेला, खिशात हात घातलेला, पाच फूट सहा इंचांचा. म्हणजे नेमकी साहेबांची उंची. कुणाचंही घर असो, हा आयता येऊन उभा राहतो आणि काडीचं काम करत नाही, म्हणून आम्ही त्याला जावईबापू म्हणतो. बंगला काढा नाहीतर गोदाम, जावईबापू चिकटवले की सेक्शन झाला.

आमचे अप्पा सहा फूट तीन इंच. तीस वर्षं छापखान्याच्या तळघरात मान मोडून राबले. भाड्याच्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीला आईनं जुन्या उशीचा तुकडा ठोकलाय, त्यांच्या कपाळासाठी. नव्या घराचा नकाशा आमच्या ऑफिसात होणार असं ठरलं, तेव्हा रंग, फरशी यांबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. मागणी एकच केली. "मला ताठ चालता आलं पाहिजे."

स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी अप्पा ऑफिसात आले. दारातून अर्थातच वाकून. भिंतीवर त्यांच्या घराचा सेक्शन लावलेला होता. बराच वेळ बघून त्यांनी बोट ठेवलं.

"हा कोण?"

"जावईबापू. म्हणजे, उंची कळावी म्हणून असतो तो."

"माझ्या जिन्यात काय करतोय?"

"काही नाही. उभा आहे."

"मग हाकल त्याला आणि मला उभा कर. घर माझं आहे."

मी हसत हसत पट्टी लावून पेन्सिलीनं अप्पांना काढायला घेतलं. पाय झाले, पोट झालं ("जरा कमी कर"), खांदे झाले. आणि डोक्याला जागाच उरली नाही. जिन्याच्या वळणावरचा बीम पाच फूट दहा इंचांवर होता. माप माझ्याच हातानं लिहिलेलं होतं. पण मी आकडा वाचलाच नव्हता. तीन आठवडे जावईबापू त्या बीमखाली मजेत उभे होते, आणि त्यांचं चाललंय म्हणजे सगळ्यांचं चालेल, असं मी गृहीत धरलं होतं.

अप्पांनी बीममध्ये घुसलेलं स्वतःचं मुंडकं बघितलं.

"राहू दे गं," ते म्हणाले. "तेवढं वाकेन मी. सवय आहे."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. मला रडू आलं आणि स्वतःचाच भयंकर राग आला.

साहेब केबिनमधून आले. कागद बघून म्हणाले, "काका म्हणतायत ना वाकेन म्हणून? बीम वर घेतला तर माझी वरची खिडकी अर्धी होईल. ती खिडकी घराचा चेहरा आहे."

"अप्पांनाही चेहरा आहे, साहेब. तो आधी बीमला लागेल."

मी त्यांच्यादेखत मिस्त्रींना फोन लावला. "उद्याचा स्लॅब थांबवा. वळणावरचा बीम वर जाणार आहे. नवा कागद सही होऊन आला की मगच हात लावा."

"मी हो म्हटलेलं नाही," साहेब लाल होऊन म्हणाले. "सही नाही केली तर?"

"मग जावईबापूंना त्या घरात राहायला पाठवा. माझा बाप तिथे जाणार नाही."

साहेबांनी दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी सही केली. नोकरी वाचली, पण पुढचे सहा महिने मला फक्त संडासांचे सेक्शन मिळाले. मी निमूटपणे काढले.

घर झालं. पहिल्या दिवशी अप्पा जिना चढायला लागले, मी आणि आई खाली उभ्या. वळण आलं. बीम त्यांच्या डोक्याच्या चांगला फूटभर वर होता. तिथे अप्पांनी मान खाली घातली, पाठ वाकवली आणि तसेच पुढे गेले.

"अहो, आता कशाला वाकताय?" आई ओरडली. "पोरीनं नोकरी पणाला लावली त्याच्यासाठी!"

अप्पा थांबले. त्यांनी वर बघितलं, हात उंच करून बीम चाचपला. मग सगळा जिना उतरून खाली आले आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायला लागले.

दुसऱ्या खेपेलाही वाकले. तिसऱ्यालाही. आई जेवायला हाका मारत होती, तरी ते जिना सोडायला तयार नव्हते.