जिवलीच्या ऐनाची रेघ

वरून आदेश आला की मला आधी राग येतो, आणि मग तो आदेश मी सगळ्यांपेक्षा जास्त मन लावून पाळतो. यंदाचा आदेश होता, 'गणितातून ऋतू'. सातवीच्या प्रत्येक मुलाने एक झाड निवडायचं, त्याच्या एका फांदीला दोरा बांधायचा, दर शनिवारी त्या फांदीवरची पानं मोजायची आणि आलेखाच्या कागदावर टिंब द्यायचं. टिंबं जोडली की ऋतू कसा सरकतो ते कागदावर दिसेल, असं पत्रकात म्हटलं होतं. पत्रक लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी पानं मोजली होती की नाही, देव जाणे.

मी मूळचा समुद्रकाठच्या घिवलीचा. आमच्याकडे झाड म्हणजे माड नाहीतर सुरू, दोन्ही बारा महिने हिरवी. जूनमध्ये बदली होऊन या डोंगरातल्या पाड्यावर आलो, बेटेगावात खोली घेतली आणि रोज मोटरसायकलने वर येऊ लागलो. ऐन कोणता आणि धावडा कोणता, हे मला मुलांनीच शिकवलं. आलेख मात्र मला येत होता, आणि आलेखाच्या बाबतीत मी कुणाचीही गय करत नाही.

दिवाळी झाली आणि निम्मा पाडा वीटभट्ट्यांवर गेला. माझ्या वर्गातल्या जिवलीचे आईबापही भिवंडीकडे गेले. ती आजाजवळ, रामाजवळ राहिली. तिने निवडलेला ऐन त्यांच्याच शेताच्या बांधावर होता. वर्गात तिचा आलेख सगळ्यांत नीटनेटका. डिसेंबरभर रेघ हळूहळू उतरत होती. मी फळ्यावर ती काढली, पट्टी लावून पुढे वाढवली आणि सांगितलं, अशीच गेली तर फेब्रुवारीत शून्य.

"आनि मंग?" जिवलीने विचारलं.

"मग काय? झाड बोडकं."

"पन पट्टी तर आजून खाली चालली."

खरंच चालली होती. शून्याच्या खाली, उणे चार, उणे नऊ. मुलं खिदळली. मी म्हटलं, झाडाला उणे पानं नसतात, तिथे रेघ थांबते आणि पुढे कधीतरी वर वळते.

"कदी वळते?"

"तेच तर आपण शोधतोय."

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. एका वर्षाच्या टिंबांवरून वळण सांगता येत नाही, त्याला मागची वर्षं लागतात, आणि मागच्या वर्षी इथे कुणी पानं मोजली नव्हती. जिवली दर शनिवारी तोच प्रश्न विचारायची आणि मी दर शनिवारी थोडा जास्त चिडायचो.

जानेवारीत तिची रेघ एकाच आठवड्यात कोसळून शून्यावर आली. वारा सुटला असेल, म्हणून मी सोडून दिलं. पण शिमगा तोंडावर आला, बाकी सगळ्यांच्या रेघा तळाला जाऊन आडव्या पडल्या, आणि जिवलीची रेघ वर चढायला लागली. तीन. अकरा. एकोणीस.

माझं डोकंच फिरलं. उन्हाने रान वाळलेलं, शाळेमागचे ऐन बोडके, आणि हिच्या ऐनाला पालवी? मी तिला वर्गात उभं केलं आणि विचारलं, "कुणाला फसवतेस?"

"मोजून लिवलंय, सर."

"मग दाखव."

शाळा सुटल्यावर आम्ही बांधावर गेलो. मी आधी ऐन शोधत राहिलो, कारण तिथे झाड असं नव्हतंच. एक उंच खोड होतं आणि वर तोडलेल्या फांद्यांची थोटकं. त्या थोटकांतून तांबूस, कोवळे धुमारे निघाले होते, आणि त्यातल्या एकाला आमच्या प्रकल्पाचा लाल दोरा नव्याने बांधलेला होता. जिवली सरसर वर चढली आणि मोठ्याने मोजू लागली. मी खालून तिच्याबरोबर मोजली, मग पुन्हा एकदा एकट्याने मोजली. एकोणीसच होती. आता ओरडायचं तरी कशावर? आकडा खरा होता आणि झाड खोटं होतं.

रामा शेतात वाळलेल्या फांद्या पसरत होता. मी त्याला विचारलं, झाडाची ही दशा कुणी केली?

"मीच केली. राबाला तोडला, गुरुजी," तो म्हणाला. "फांद्या सुकवाच्या, जाळाच्या, त्या राखंत भाताचा रोप चांगला येतो. दरसाल तोडतू."

"जानेवारीतच?"

"नाय. शिमग्याच्या सुमारास. औंदा पोर माजे मागं लागली, आता तोड, आता तोड. तोडला मी. तोडलेला झाड आदी फुटतो, तिनं बगलाय ना."

मी झाडावरच्या जिवलीकडे पाहिलं. ती खाली उतरली. रामाच पुढे म्हणाला, "तिची आय जाताना बोलली हुती, ऐनाला पाला फुटला का मी येन."

मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मी शिकवायला लागतो. ही माझी खोड आहे. एक काटकी घेऊन मी मातीत दोन रेघा काढल्या, एक पाल्याची, एक आईच्या येण्याची. म्हटलं, "हे बघ, दोन रेघा एकाच वेळी वर चढल्या म्हणजे एक दुसरीला ओढते असं नसतं. ऊन तापत जातं, म्हणून पाला फुटतो. पावसाआधी भट्टी बंद होते, म्हणून आई येते. दोन्ही एकाच सुमाराला होतं, एवढंच."

तिने त्या रेघांकडे पाहिलं. "मंग आयला कोन ओढतं?"

"पाऊस," मी म्हणालो. मग म्हणालो, "म्हणजे पाऊस नाही, भट्टीचा शेठ. तो सोडेल तेव्हा." मग तेही मला पटेना, कारण शेठ काही ऋतू नव्हे. मी काटकी टाकून दिली. वीस वर्षं मी गणित शिकवतोय, आणि त्या क्षणी मला दोन सरळ रेघांचा अर्थ लागत नव्हता.

"ही रेघ आपण आलेखातून काढून टाकू," मी शेवटी म्हणालो. "ही ऋतूने आणलेली पानं नाहीत. आजाच्या कोयत्याने आणलेली आहेत."

"पानं खरी हायत."

"पानं खरी आहेत गं. पण मोजणीत धरता येणार नाहीत."

ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. म्हणाली, "आयला फोन लावा."

रामाच्या घराच्या कुडावर कोळशाने नंबर लिहिलेला होता, पोरीला तो तोंडपाठ. टेकाडावर चढलो की जरा रेंज मिळते. मी नंबर लावला आणि तिलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. आधी बापाने उचलला, मग तिची आई जमना आली. मी भगवंत सर बोलतोय म्हटल्यावर ती घाबरलीच. "पोर बरी हाय ना?"

"बरी आहे. पाल्याचं विचारतेय."

पलीकडे कुणीतरी हाका मारत होतं, ट्रॅक्टर चालू होता. जमनाने आवाज खाली केला. "तिला सांगा गुरुजी, आजून नाय फुटला. भट्टी मधी सोडत नाय कोनी. मी निगताना पोर पाय धरून बसली हुती, तवा कायतरी बोलाचा म्हनून बोलली मी. तुमी सांगितला तर ती ऐकंल."

स्पीकर बंद करायला माझा हात गेला, पण उशीर झाला होता.

"फुटला, आये," जिवली म्हणाली. "एकोनीस पानं हायत. सरांनी पन मोजली."

मग जमना म्हणाली, "येवड्या लवकर कसा फुटला?"

इथे पोर गप्प बसली असती तरी चाललं असतं. मला तर वाटत होतं, बसावं. पण वर्षभर मीच तिच्या डोक्यात भरवलं होतं की आकड्याबरोबर तो कसा आला तेही सांगायचं. "आजानं तोडला म्हनून," ती म्हणाली. "मीच लावला त्याला तोडायला. आये, तोडलेला धरायचा का नाय?"

"सरांना इचार," जमना म्हणाली. "ते सांगतील तसा."

मला जमनाचा राग आला, पत्रकाचा आला, त्या शेठचा तर फारच आला. उत्तर मला ठाऊक होतं. थोड्याच वेळापूर्वी मी ते दिलं होतं, आणि गणिताने ते बरोबरही होतं. जिवली माझ्याकडे बघत होती. माझ्या एका शब्दाने तिकडे काय होईल, भट्टीवाला काय म्हणेल, जमनाला कोण सोडेल, याचा मला काहीही अंदाज नव्हता.

"धरायचा," मी म्हणालो.

"आसा?" जमना म्हणाली. "मंग मला यायला लागंल."