सही नसलेली रायफल

ऑरिन स्ट्रोबेल नावाचा बंदुका घडवणारा माणूस आमच्या डोंगरापलीकडच्या गावात राहायचा. जिवंत होता तोवर त्याला कुणी कॉफी विचारत नसे. मेल्यावर तो देव झाला. स्टिलसन खोऱ्यातल्या आमच्या रायफल मंडळानं तर त्याचं शास्त्रच तयार केलं. त्यातलं पहिलं कलम असं, की स्ट्रोबेल आपल्या उत्तम कामावर सही करत नसे. म्हणजे सही असली तर रायफल स्ट्रोबेलची, आणि सही नसली तर जास्तच स्ट्रोबेलची. या कलमाच्या जोरावर खोऱ्यात इतकी हत्यारं निघालीत, की त्या माणसाला न झोपता दोनशे वर्षं जगावं लागलं असतं.

मी मर्ल. बंदुका दुरुस्त करतो. मंडळाचा सभासद आहे, कारण गिऱ्हाईक तिथंच बसलेलं असतं.

उन्हाळ्यात आर्डिस क्वामी माझ्या शेडमध्ये आली. आर्डिसनं जन्मभर शाळेची बस चालवली. खोऱ्यातल्या निम्म्या पुरुषांना तिनं कान धरून बसमधून खाली उतरवलंय. मलाही. तिच्या हातात जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली रायफल होती.

"मर्ल, सोडत लागली."

"कसली?"

"मेंढ्याची. तोंड मिट, माशी जाईल."

कड्यांवर राहणाऱ्या वळणदार शिंगांच्या रानमेंढ्याचा परवाना आमच्या मोंटानात सोडतीनं मिळतो. माणसं तरुणपणी अर्ज करायला लागतात आणि अर्ज करता करताच पुरली जातात. आर्डिसची आई व्हर्ना तशीच गेली. परवाना दुसऱ्याला देता येत नाही, पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही.

"हिवाळ्यात दोन्ही गुडघे बदलायचेत," आर्डिस म्हणाली. "त्यानंतर मी डोंगर चढेन असं वाटतं तुला? या सप्टेंबरात जमलं तर जमलं. आणि चढणार ती हीच घेऊन. वेंडेलमामानं आईसाठी घडवली होती. आईचा मेंढा राहिला. मी मारणार, याच रायफलनं."

मी रायफल दिव्याखाली धरली. यंत्रणा जर्मन, दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी पिशवीत घालून आणली होती तसली. हातानं मागं ओढायचा बोल्ट लोण्यासारखा सरकत होता. अक्रोडाचा दस्ता आखूड, बुटक्या बाईच्या खांद्याला नेमका बसेल असा. मुठीवर जाळीची नक्षी. एका कोपऱ्यात कानस घसरलेली, बाकी काम चोख. नळी मात्र संपली होती. गोळीला पीळ देणाऱ्या आतल्या खाचा गंजानं खाल्ल्या होत्या. युद्धातली उरलेली, गंज धरवणाऱ्या दारूची स्वस्त काडतुसं झाडायची आणि नळी न धुता ठेवून द्यायची, की असंच होतं. मागच्या कुरणात शंभर वारांवर पाच गोळ्या झाडून पाहिल्या. त्यातल्या कुठल्याच दोन गोळ्यांची एकमेकींशी ओळख नव्हती.

"यंत्रणा आणि दस्ता ठेवू. नळी नवी घालावी लागेल."

"मग घाल. त्यासाठीच आलेय, दर्शनाला नाही."

तेवढ्यात डॉक्टर रॉइस हेबरमन आत आले. हे आमचे अध्यक्ष. शहरात दात उपटून इथं टेकडीवर घर बांधलेले. शिकारीला जात नाहीत, तिथं चिखल असतो म्हणून. त्यांनी रायफल उचलली, सही शोधली. सही नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मर्ल, हा स्ट्रोबेल आहे."

"हा वेंडेल टॉफ्टी आहे," आर्डिस म्हणाली. "लाकडाच्या गिरणीत कामाला होता. लढाईनंतर सरकारी शाळेत बंदुकीचं काम शिकला. आमच्या गोठ्याशेजारी बसून घडवली. दस्त्याला घासकागद मी मारलाय, लहान असताना."

"घराघरांत अशा आठवणी असतात," डॉक्टर मायेनं म्हणाले. "आम्ही त्या ऐकून घेतो, आर्डिस. धरून चालत नाही."

फोटो काढण्यापुरती म्हणून त्यांनी रायफल नेली, आणि ती त्यांच्या घरच्या पोलादी तिजोरीत गेली.

मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली मंडळाची तपासणी सुरू झाली. नळीवर साध्या थर्टी-ओ-सिक्स काडतुसाचा शिक्का होता. ड्वेन प्रुइट, आमचा विमा विकणारा, त्यानं मैदानावर तसलं काडतूस झाडलं. पितळी टरफल बाहेर आलं ते खांदे फुगवून, पहिलवानासारखं. ड्वेननं ते रुमालावर घेतलं.

"हे बघ! स्ट्रोबेलचं गुप्त काडतूस!"

"गुप्त कसलं?" मी म्हटलं. "दारू थोडी जास्त मावावी म्हणून नळीतलं काडतुसाचं घर रुंद कोरून घेतलंय. त्या काळी हे खूळ घरोघरी होतं." मी रीतसर, हलक्या आचेवर वितळणारा धातू त्या घरात ओतला, साचा काढला, मोजला. माप कुठल्याही जुन्या कारागिराच्या तोंडपाठ असेल असं निघालं.

"मग ते नळीवर का नाही कोरलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आळस."

"गुप्तता," डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या.

शेवटी मी दस्ता सोडवला. नळीच्या पोटाखाली, लाकडात झाकल्या जाणाऱ्या जागी, ठशांनी ठोकलं होतं: 'व्हर्नाला, वेंडेलकडून'. मी म्हटलं, संपला वाद.

संपतोय कुठला! ड्वेननं चष्मा लावून वाचलं आणि उडालाच. "लागला छडा! वेंडेलनं स्ट्रोबेलकडून घडवून घेतली आणि बहिणीला भेट दिली!" टाळ्या पडल्या.

माझं डोकं फिरलं ते तिथं. यांना पुरावा कमी पडत नव्हता. दिवसभर ओल्या फळ्या उचलणारा माणूस रात्री एवढं सुंदर काही करू शकतो, हेच यांना सहन होत नव्हतं. सुंदर गोष्ट कुठल्या तरी नाववाल्यानंच केलेली असली पाहिजे, नाहीतर यांनी आयुष्यभर त्या नावापुढं वाकून काय मिळवलं?

मंडळानं ठराव केला, की मूळ नळीला हात लावणं म्हणजे खून. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "तू ती काढलीस तर एकही सभासद तुझ्या शेडची पायरी चढणार नाही." रायफल पुन्हा त्यांच्या तिजोरीत गेली. ऑगस्ट निम्मा सरला. आर्डिस त्यांच्या दारात जाई, आणि ते म्हणत, संग्रहालयाशी बोलणं चाललंय.

"शेरीफकडे जा," मी तिला म्हटलं.

"शेरीफ मंडळात पॅनकेक भाजतो, मर्ल."

मंडळाची न्याहारी असते त्या रविवारी ती चर्चचा झगा घालून सभागृहात आली आणि टेबलांच्या मधोमध उभी राहिली.

"मी इतके दिवस तुम्हाला फसवलं," ती म्हणाली. "मामानं नाही घडवली ती. स्ट्रोबेल आला होता आमच्या घरी."

शेरीफच्या तव्यावरचा पॅनकेक करपला. कुणी उलटला नाही.

"आमच्या स्वयंपाकघरात बसला. आईला म्हणाला, व्हर्ना, नळी म्हणजे बुटाचा तळवा. झिजली की बदलायची. झिजलेल्या नळीनं जनावर जखमी करून सोडणाऱ्यानं माझं नाव तोंडात घेऊ नये."

डॉक्टर उठून उभे राहिले. "असं... असं म्हणाले ते?"

"दोनदा म्हणाला."

"कुठं बसले होते?"

"खुर्चीवर."

"ती खुर्ची..."

"मोडली."

सगळं सभागृह हळहळलं. ड्वेननं बुटाच्या तळव्याचं वाक्य कागदी रुमालावर उतरवून घेतलं. खरं सांगत होती तेव्हा या बाईकडे कुणी मान वळवली नव्हती; आता ती धडधडीत थाप मारत होती आणि मोठमोठ्या माणसांनी टोप्या काढल्या होत्या. नळी बदलायचा ठराव एकमतानं पास झाला. खून म्हणणाऱ्यांचा हात सगळ्यात आधी वर गेला.

नळी उतरवायच्या दिवशी मंडळी इस्त्रीचे शर्ट घालून आली. मी नळी शिकंज्यात आवळली, यंत्रणेला लांब दांड्याचा पाना लावला आणि अंग टाकलं. जुना आटा कडकन सुटला. मागून कुणीतरी "आमेन" म्हणालं. नवी नळी मी लेथवर चढवली, आटे पाडले, काडतुसाचं घर थोडं कोरायचं, पुसायचं, मापायचं असं करत आणलं. घरात माप म्हणून घालायच्या एका गेजवर बोल्ट मिटला पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये, तसंच झालं. घर मी साध्या काडतुसाचंच ठेवलं, म्हणजे आर्डिसला दुकानात ते मिळेल. ड्वेन कुरकुरला.

"स्ट्रोबेलनं मोकळीक दिली होती," आर्डिस म्हणाली. ड्वेननं हेही उतरवून घेतलं.

कुरणात तिनं तीन गोळ्या झाडल्या. तिन्हींवर मिळून कॉफीचा मग पालथा घालता आला असता. जुनी नळी मंडळानं नेली, मखमलीवर ठेवून काचेत बंद केली. वेंडेलचं नाव असलेली बाजू खाली.

सप्टेंबरात आम्ही दोघं चढलो. तिची पिशवी माझ्या पाठीवर, रायफल तिच्या. ती दर वळणाला बसायची, गुडघ्यांना शिव्या द्यायची, उठायची. दरीपलीकडं मेंढा उभा होता, सकाळचं ऊन शिंगांवर. तिनं दगडावर ब्लँकेटची घडी ठेवली, त्यावर रायफल टेकवली, आणि एकच गोळी झाडली. मेंढा जागीच बसला. आर्डिस बराच वेळ उठली नाही. मग म्हणाली, "चल, सुरी काढ. इथं रडत बसले तर मांस खराब होईल."

मंडळानं जेवण ठेवलं. मांस आर्डिसनंच भाजून आणलं. डॉक्टरांनी ग्लास उंचावला, "स्ट्रोबेल यांच्या हातांना!" म्हणाले.

आर्डिस उभी राहिली. "स्ट्रोबेल आमच्या घरी कधी आला नाही. मी थाप मारली. तुम्ही रायफल अडकवून ठेवली होती म्हणून मारली. वेंडेल टॉफ्टीनं घडवली ती."

सगळे कौतुकानं हसले. "किती साधी बाई!" डॉक्टर म्हणाले.

आर्डिसनं टेबलावरचा मांसाचा मोठा ट्रे उचलला, पोटाशी धरला आणि दाराकडे चालू लागली. "स्ट्रोबेल मानणाऱ्यांनी स्ट्रोबेलकडे जेवायला जा."

हसू थांबलं. मांसाचा वास तिच्याबरोबर दाराकडे निघाला. आधी शेरीफ उठला. ताट पुढं करून म्हणाला, "वेंडेल टॉफ्टी."

"कुठं कामाला होता?"

"गिरणीत."

तिनं त्याला जाड तुकडा वाढला. मग रांगच लागली. गिरणीत, गोठ्याशेजारी, आईसाठी. ड्वेननं तर घासकागदसुद्धा सांगितला. शेवटी डॉक्टर आले. त्यांनी काचेतल्या नळीकडे पाहिलं, मग ट्रेकडे पाहिलं.

"तत्त्वतः," ते म्हणाले, "तशी शक्यता नाकारता येत नाही."

"तत्त्वतः बटाटे मिळतील," आर्डिस म्हणाली, आणि त्यांच्या ताटात बटाटे वाढले.