सकाळचं माप

पोट कापलं धाकटीचं आणि दुखत होतं थोरलीच्या पोटात. बाहेरून बघणाऱ्याला हे दिसलं नसतं. त्याला दिसली असती ती दुकानाला कुलूप लावून बहिणीच्या सेवेला आलेली थोरली. पाठीला उशी लाव, जखमेतल्या नळीची बाटली रिकामी कर, आंघोळीला धर, अशी दिवसभर पायाला भिंगरी. धाकटीचा नवरा तर येता-जाता म्हणायचा, "तुम्ही होतात म्हणून निभावलं बघा."

थोरली बायकांचे कपडे शिवायची. गळ्यात कायम टेप, म्हणून गिऱ्हाइकं तिला टेपताईच म्हणायची. टेपताईचं माप चुकत नाही, अशी तिची ख्याती होती आणि ती खोटी नव्हती. दोघी बहिणी एकाच मापाच्या. दोघींची दोन-दोन बाळंतपणं आणि दोघींच्या पोटाची एकच गत, खाली ओघळलेली कातडी. थोरली कापड दुहेरी घालून दोघींचं एकदमच बेतायची. मग दोघी आरशासमोर उभ्या राहून आपापलं पोट ओंजळीत धरून खदाखदा हसायच्या. बरोबर कुणीतरी होतं, म्हणून ते हसू यायचं.

आणि एक दिवस धाकटीने जाहीर केलं, की जास्तीची कातडी काढून पोट आवळून घेणार. डॉक्टरीणबाईंशी बोलणंही झालं होतं.

"मला एका शब्दाने विचारलं नाहीस?" थोरली म्हणाली.

"पोट माझं आहे ना, ताई?"

ते वाक्य थोरलीच्या मनात रुतून बसलं.

ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे थोरलीला, खरं सांगायचं तर, बरे गेले. धाकटी कमरेत वाकून म्हातारीसारखी चालायची. आरामखुर्चीतच झोपायची. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची आणि तरी तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. "कशाला गं केलं मी हे?" असं एकदा रडत म्हणाली, तेव्हा थोरलीने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि मनात म्हणाली, बरी खोड मोडली. सेवा मात्र तिने जीव ओतून केली. वाकलेल्या बहिणीवर माया करायला कुणाचं काय जातं!

पुढे नळ्या निघाल्या, पाठ हळूहळू सरळ झाली. एका सकाळी धाकटीने पोटाला बांधलेला आधाराचा पट्टा सोडला आणि ती आरशासमोर उभी राहिली. खाली एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत लालभडक व्रण होता, पण वर पोट सपाट. अगदी कॉलेजातल्यासारखं. धाकटी कडेने वळून-वळून बघत होती. मागे थोरलीही आरशात दिसत होती, आपलं पोट घेऊन, एकटी. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "पट्टा बांध आधी," ती खेकसली, "वारं लागेल." वाऱ्याचा नि व्रणाचा काही संबंध नव्हता.

संध्याकाळ झाली की मात्र ते पोट फुगायचं. सूज काही महिने अशीच चढत-उतरत राहील, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. धाकटीने ते या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. रोज संध्याकाळी पट्टा बांधणाऱ्या थोरलीला मात्र सूज किती चढते ते बोटांना पाठ होतं.

अशात धाकटीच्या ऑफिसचा वार्षिक कार्यक्रम आला. सूत्रसंचालन तिच्याकडे होतं. "ताई, या वेळी अंगाबरोबर बसणारा झगा शिवून दे," ती लाडात म्हणाली. "इतकी वर्षं नुसते तंबू घातले."

ते तंबू कुणी शिवले होते?

"शिवते की," थोरली म्हणाली. "उद्या सकाळी माप घेऊ. उठल्या-उठल्या, काही खायच्या आधी."

तिने माप घेतलं आणि त्यावर एक सूतही सैल ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच घालून बघितला. झगा असा बसला, की धाकटीचा नवरा चहाचा कप हातात तसाच धरून उभा राहिला. "छान दिसतेस," थोरली म्हणाली. कडू काढा घशाखाली उतरवावा तशी.

कार्यक्रमाच्या दिवशी धाकटी सकाळपासून धावपळीत होती. संध्याकाळी तयार व्हायला बसली आणि झग्याची चेन अर्ध्यावर अडकली.

"ओढ ना, ताई."

थोरलीने ओढली. चेन हलेना.

"पट्टा आणखी आवळ. आवळ म्हणते ना!" धाकटीने श्वास आत घेतला आणि कळ येऊन तिने भिंत धरली. चेहरा पांढराफटक पडला. "तुझं माप तर चुकत नाही. म्हणजे मीच बिघडवलं. जास्त खाल्लं, जास्त हिंडले. आतले टाके सुटले असतील का गं? इतकं सोसलं, सगळं फुकट गेलं." तिने फोन उचलला. "येत नाही म्हणून कळवते."

थोरलीला जे हवं होतं ते हेच. तरी तिने पुढे होऊन फोनवर हात ठेवला.

"थांब. माझं माप चुकलं."

"मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस. एवढी का मी तुला ओळखत नाही?" असं म्हणून धाकटीने तिचा हात धरला. थोरलीला तो हात सोसवेना.

"चुकलं नाही," ती म्हणाली. "मुद्दाम सकाळचं घेतलं. संध्याकाळी तुला सूज चढते हे मला ठाऊक होतं. तुझे टाके शाबूत आहेत. तू सुटलीस आणि मी मागे राहिले, ते मला बघवत नव्हतं."

धाकटीने हात काढून घेतला. फोन खाली ठेवला. आता ही ओरडेल, रडेल, असं थोरलीला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"किती वेळ लागेल?" धाकटीने विचारलं.

"दोन्ही बाजूंनी पट्टी घातली तर तासाभरात होईल."

"घे माप."

धाकटीने हात वर केले. थोरलीने गळ्यातला टेप काढून तिच्या पोटाभोवती फिरवला आणि सवयीने विचारलं, "लागतंय का?"

"कळत नाही. व्रणाच्या वर सगळं बधिर आहे. तू कितीही आवळलंस तरी मला समजणार नाही." धाकटीने मान खाली घातली आणि टेपाची दोन्ही टोकं तिच्या हातातून काढून घेतली. "आकडा मी वाचते. तू लिही."

टेपताईने खडू उचलला.