गुंडूची दाढी

अक्काताईंचा कुत्रा गुंडू पाणी प्यायला की त्याच्या लांब दाढीतून घरभर पाणी ठिबकायचं. त्या ओल्या फरशीवर एकदा त्यांचा मुलगा रुद्रेश घसरून पडला आणि चिडून म्हणाला, "आई, रविवारी ह्याला इचलकरंजीला मित्राच्या कारखान्यावर सोडून येतो."

अक्काताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. गुंडूला घेऊन त्या तडक राजारामपुरीतल्या पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात गेल्या. गुंडूचं पाण्याचं पसरट भांडं त्यांनी तिथूनच नेलं होतं.

"दाढीच कापून टाका की, मावशी," दुकानदार हसला.

"तुझी कापू काय आधी? दाढीच्या कुत्र्याला परातीएवढं भांडं दिलंस! हाईत तेवढी सगळी भांडी काढ आणि पाणी आण."

दुकानदारानं सगळी भांडी आणि पाण्याची बादली आणून ठेवली. अक्काताईंनी एकेक भांडं भरून गुंडूपुढं ठेवलं. उथळ भांड्यात दाढी भिजली, खोलगट भांड्यात तर कानही भिजले. दर वेळी त्या पदरानं त्याचं तोंड पुसत आणि दुकानदाराकडं डोळे वटारत. शेवटच्या भांड्यात पाण्यावर एक तबकडी तरंगत होती आणि तिच्या मधल्या भोकातून जिभेपुरतंच पाणी वर येत होतं. गुंडू पोटभर प्यायला. अक्काताईंनी दाढी चाचपली. टोकं सोडली तर ती कोरडी होती.

घरी येऊन त्यांनी ते भांडं रुद्रेशसमोर आदळलं. गुंडू प्यायला, तरी फरशीवर थेंब पडला नाही.

"बरं, न्हाय पाठवत," रुद्रेश पुटपुटला.

"तुला इचारतंय कोण?" अक्काताई कडाडल्या. "मला न इचारता ठरवलंसच कसं?"

पुढं दोन दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत.