हलका हात

तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या गालावर रक्ताचा टिपूस काढला नाही, हे मास्तर दिवसातून दोनदा तरी ऐकवत. त्यांचं न्हाव्याचं दुकान एवढंसं, पण हात हलका, म्हणून खुर्ची रिकामी नसे. आणि हाच माणूस वापरलेलं पातं फेस पुसलेल्या कागदात गुंडाळून, कापलेल्या केसांसोबत कचऱ्याच्या पिशवीत टाकी. तुमच्या-आमच्यासारखंच! पिशवी दाराबाहेर गेली की विषय संपला.

त्यांची कॉलेजातली मुलगी मैत्रिणींसोबत घरोघरी कचरा वेगळा करायला शिकवत हिंडे. तिने झाकणाला चीर पाडलेला एक पत्र्याचा डबा दुकानात आणला.

"बाबा, पाती यात टाका. त्या पिशवीत कुणीतरी हात घालतं."

"जगाला शिकवून झालं, आता बापाची पाळी!" मास्तर हसले. झाकण काढून त्यांनी डब्यात कंगवे उभे केले.

पुढे गल्लीतला कचरा नेणारी सफाईवाली ताई तीन-चार महिने दिसली नाही. मास्तरांनी चौकशीही केली नाही. मग एके दिवशी ती लेकीला घेऊन दुकानात आली. पोरीचे केस कमरेपर्यंत होते, पण त्यांचा नुसता गुंता झाला होता.

"दादा, हिचे केस बारीक करा. मला आता वेणी घालता येत नाही."

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं ताठ होती.

"काय झालं गं?"

"कचरा निवडताना पातं लागलं. आतली शीर तुटली. बोटं आता वाकायची नाहीत, म्हणाले डॉक्टर. कागदात गुंडाळलेलं होतं, दिसलंच नाही."

गल्लीत न्हाव्याचं दुकान एकच होतं.

"ताई, ते पातं माझं..."

"माहीत आहे, दादा. कागदाला फेस होता."

"मग इथेच का आलीस?"

"पोर कात्रीला घाबरते. तुमचा हात हलका आहे, म्हणतात सगळे."

अरेरे! त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. केस खाली पडत गेले आणि मास्तर हमसून रडले. पोर मात्र कात्रीला न घाबरता बसून राहिली.

त्याच दिवशी कंगवे बाहेर निघाले. "वरातीमागून घोडं आहे, पोरी," ते आपल्या मुलीला म्हणाले, "पण चल." शहरातल्या दुकानादुकानांत बापलेकींनी असे डबे पोचवले.

मंडळी, आपण टाकलेला कचरा उचलणाराही हात माणसाचाच असतो. आजही कुणी मास्तरांच्या हाताचं कौतुक केलं, की ते डब्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "रक्त काढलंय मी. फक्त मला ते दिसलं नव्हतं."