बिनमालकाचा कोट

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या ताईचा एक हट्ट होता. खिसे उलटे करून पाहिल्याशिवाय एकही कपडा दुकानाबाहेर जायचा नाही. नवरा यावरून तिची यथेच्छ टिंगल करायचा.

"उद्या माझेही खिसे तपासशील."

"त्यात असतं काय?" ती म्हणायची, आणि विषय तिथंच संपायचा.

त्या सकाळी टॅक्सीवाल्याची बायको आली. कपड्यांच्या गाठोड्यातून तिनं फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल काढून ताईच्या हातात कोंबलं.

"टॅक्सी हातची गेल्यापासून हे उशाशी घेऊन झोपतात. जिवाचं बरंवाईट करून घेतील हो. कुठंतरी लपवा, तुमच्या पाया पडते."

नाही म्हणायला ताईची जीभ रेटेना. पोलिसांत जावं तर प्रकरण तिच्याच गळ्यात यायचं. मागच्या दांडीवर कुणी न नेलेले कपडे वर्षानुवर्षं लटकत होते. त्यातल्या एका तपकिरी कोटाच्या आतल्या खिशात तिनं ते ठेवलं. तिकडे कोण मरायला जातंय?

दुसऱ्या दिवशी ती तापानं घरी पडून होती आणि दुकानात तिचा धाकटा भाऊ आला. कारखाना बंद पडल्यापासून तो नोकरीसाठी उंबरे झिजवत होता. हल्ली कुणाशी धड बोलतही नसे. ताईला रात्रंदिवस त्याचाच घोर. त्याचा विटलेला शर्ट पाहून नवऱ्याला गलबलून आलं.

"मुलाखतीला असा जाणार? थांब." त्यानं तो तपकिरी कोट पिशवीत घातला. चांगलाच जड लागला. जुनं कापड दणकटच असतं, असं त्याला वाटलं. मेहुणा मानी, आपल्याकडून घेणार नाही, म्हणून वर ठोकून दिलं, "तुझ्या ताईनंच काढून ठेवलाय."

संध्याकाळी नवरा घरी येऊन ऐटीत हे सांगायला लागला, तशी ताई अंगातल्या तापासकट धावत सुटली.

भाऊ खोलीत खाटेवर बसला होता. पिस्तूल मांडीवर, डोळे रडून सुजलेले.

"तुझ्या हातून खिसा न पाहता कपडा जात नाही, ताई," तो म्हणाला. "दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय. वाटलं, तुलाही माझं ओझं झालं. तोंडानं सांगवेना, म्हणून..."

 ताईनं त्याला छातीशी धरलं, शपथा घेतल्या, टॅक्सीवाल्याची बायको, ताप, नवऱ्याची थाप, सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचं तिलाच ते रचल्यासारखं वाटू लागलं.

त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पिस्तूल तिच्या हातात दिलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"जाऊ दे, ताई. मी तुझ्यावर रागावलेलो नाही."